मधली सुट्टी कुठे गेली?

मला कोडमधून हाकलून कॉमेंटांवर बसवलं तेव्हा माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या. शाळांची वेळापत्रकं बनवणारं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि सगळ्यांना खुलं. जगभरातली माणसं घरबसल्या ते सुधारतात आणि मी वासण्यातल्या आमच्या घरून त्यांचे बदल तपासते. सावली गावातल्या एका कारखान्यात अर्धं आयुष्य प्रोग्रॅम लिहिल्यावर निवृत्ती अंगावर आली, तिच्यावर हा माझा उतारा. पण एकदा घाईघाईत एक बदल मी चालवून न बघताच मंजूर केला आणि तो फसला. प्रकल्प सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थांनी गोड शब्दांत कळवलं, की यापुढे तुम्ही कॉमेंटांमधल्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या तेवढ्या बघा.

कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप. संगणक ती वाचतच नाही. थोडक्यात, लग्नघरात मला ताटांभोवती रांगोळ्या काढायला बसवलं होतं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी होती. मला ते स्वयंपाकघर परत हवं होतं.

मग एका उत्साही माणसाचा बदल आला. त्यानं स्पेलिंग सुधारणारं यंत्र सगळ्या फायलींवरून फिरवलं होतं, दोनशेच्या वर दुरुस्त्या. माझ्यासारख्या आणखी तिघा तपासणाऱ्यांनी चहा पिता पिता मंजुरी दिली. आपोआप होणाऱ्या चाचण्याही पास झाल्या. माझा होकार तेवढा बाकी होता.

दुधानं तोंड पोळलेलं असल्यामुळे मी नवऱ्याला शेजारी बसवलं. तो रिफायनरीत पाळ्या करून निवृत्त झालेला, बोलण्यात तिथलं गुजराती मिसळलेलं. पाळी बदलताना जाणाऱ्यानं नोंदवही मोठ्यानं वाचायची आणि येणाऱ्यानं बोट ठेवून ऐकायचं, ही त्याची तिथली सवय. त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही आणि म्हणूनच तो एकही चिन्ह गाळत नाही. आमच्या या प्रोग्रॅममध्ये कॉमेंटच्या ओळीआधी दोन तिरप्या रेघा असतात, त्याही तो दर ओळीला "तिरपी, तिरपी" असं म्हणत वाचत होता. मला हसू येत होतं आणि कंटाळाही. दुसरा चहा झाल्यावर तो अडला.

"थांब ने जरा. ह्या ओळीला तिरप्या रेघा नाहीत."

मी म्हटलं, तुझ्याच नजरेतून सुटल्या असतील. त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

"मी काही छोडत नाही. जे दिसतं ते वाचतो, बस."

ती कॉमेंट नव्हतीच. मधल्या सुट्टीची वेळ वेळापत्रकाच्या फायलीत ज्या नावाखाली साठवली जाते, ते नाव होतं. कोणीतरी फार पूर्वी ते चुकीचं लिहिलं आणि जगातल्या सगळ्या जुन्या वेळापत्रकांत ते तसंच बसलं होतं. यंत्रानं ते कोडमध्ये सुधारलं, म्हणजे जुन्या फायलींत ते आता सापडणार नव्हतं, आणि चाचण्यांमध्येही सुधारलं. विद्यार्थी आणि परीक्षक एकाच गाइडमधून पाठ करून आले होते, मग नापास कोण होणार?

मी हरकत नोंदवली. तिघांपैकी एकानं हसरा चेहरा पाठवला. प्रकल्प सांभाळणाऱ्या त्या प्रमुखांनी लिहिलं, की चाचण्या पास आहेत आणि तुमच्याकडे काम कॉमेंटांचं आहे. माझं डोकं फिरलं. सोडून देते हे सगळं, असं मी घरात तीनदा जाहीर केलं. नवरा शांतपणे म्हणाला, की रिफायनरीत टाकीची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर शंका आली तर आम्ही भांडायचो नाही, उठून टाकीपाशी जाऊन बघायचो.

माझी भावजय लहरीपुऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. तिला विचारून मी त्या शाळेचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक नव्या कोडमध्ये उघडलं. कसलीही तक्रार न करता उघडलं ते. सोमवार ते शनिवार, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सलग वर्ग, मधली सुट्टी गायब. भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, की ताई, दुसऱ्याच दिवशी पोरं आम्हाला खाऊन टाकतील. शाळेचं नाव पुसून मी ते पान प्रमुखांना पाठवून दिलं. शब्द एकही लिहिला नाही.

आम्ही जेवत असताना उत्तर आलं. प्रमुखांनी स्वतःच्या मुलीच्या शाळेचं जुनं वेळापत्रक उघडून पाहिलं होतं, तिथेही सुट्टी नव्हती. बदल थांबला. तिघांनी एकामागोमाग एक मंजुऱ्या मागे घेतल्या आणि एकानं माफीही मागितली. मला इतका आनंद झाला की मी ताटावरून उठले आणि उष्ट्या हातानंच नवऱ्याला ते वाचून दाखवलं.

त्याच निरोपात प्रमुखांनी शेवटी लिहिलं होतं, की तुमचे कोड तपासण्याचे सगळे अधिकार परत दिले आहेत, आणि सुरुवात म्हणून माझाच एक बदल बघाल का? नवऱ्यानं हात धुतले, चष्मा लावला आणि खुर्ची ओढली. आम्ही तो बदल ओळ न ओळ वाचला, मग मी दोनदा चालवून पाहिला.

त्यात एक चूक निघाली. मी तो परत पाठवला.