दरोगाबाईंनी पडदा ओढला

देवासच्या आमच्या वॉर्डातल्या सफाई दरोगाबाई, म्हणजे सफाई कामगारांच्या मुकादम, रोज सकाळी कचरागाडीच्या पुढे चालत येतात. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि सगळंच मोठ्यानं; जो भेटेल तो 'भिया', म्हणजे भाऊ: "भिया, ओला-सूखा अलग ठेवा ना!" हसतातही तितक्याच मोठ्यानं.

केंद्र सरकारच्या अनुदानातून कचरा वर्गीकरण केंद्रावर प्लास्टिकचे गठ्ठे बांधणारी मशीन आली होती. ती तपासायला दिल्लीहून पथक आलं, तेव्हा रहिवासी म्हणून बाईंनी मलाही नेलं. पुढचं अनुदान या पाहणीवरच ठरणार होतं. म्हणून नगर निगमच्या साहेबांनी मागचा न निवडलेला प्लास्टिकचा ढीग हिरव्या पडद्याआड लपवला होता.

बाई सरळ गेल्या आणि त्यांनी पडदा ओढून काढला.

"मॅडम, एवढं काम बाकी आहे," त्या पथकाच्या प्रमुखबाईंना म्हणाल्या. "मशीन दिवसभर चालते, तरी पुरत नाही. अजून एक द्या, हा ढीगही उठेल!"

प्रमुखबाईंनी ढीग नीट पाहिला आणि त्या साहेबांकडे वळल्या. "छुपा क्यों रहे थे? दूसरी मशीन की सिफ़ारिश मैं करूँगी."

दरोगाबाईंनी आनंदानं माझा हातच धरला. "चला भिया, हातमोजे घाला! आत्ताच निवडायला सुरू करू!"

आणि मी कडक इस्त्रीच्या कुर्त्यानिशी त्या ढिगात उतरलो.