मोठ्या मामांची चौकातली जागा

वणीच्या बाजारात कोणतं वाहन कुठे उभं करावं, या विषयावर माझ्या मोठ्या मामांइतका विचार आजवर कोणी केला नसेल, आणि पुढे कोणी करील असंही वाटत नाही. त्यांच्याकडे एक जुनी सायकल होती. ती हातात धरून ते चौकाच्या तोंडाशी उभे राहत आणि जागा ठरवायला इतका वेळ लावत, की तेवढ्यात दुसरा माणूस बाजार आटोपून घरी जाऊन जेवला असता. कडुनिंबाची सावली सकाळी कापडाच्या दुकानाच्या पायरीवर असते, दुपारी न्हाव्याच्या खुर्चीकडे सरकते आणि तीननंतर भज्यांच्या हॉटेलाची भिंत सोडली तर कुठेच सावली नसते, हे त्यांना पाठ होतं. पाऊस पडून गेला की काळ्या मातीत सायकलचं स्टँड रुततं, म्हणून त्यांच्या पिशवीत फरशीचा एक तुकडा कायम असे. भाजीच्या दुकानाजवळ सायकल ठेवू नये, तिथे गाय येते आणि तिला सीटचं कव्हर आवडतं. कापसाच्या बैलबंडीमागे तर मुळीच नाही, कारण बैल मागे सरताना कोणाला विचारत नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे सायकलचं तोंड बाजाराकडे हवं. मी एकदा परतीच्या सोयीसाठी ते रस्त्याकडे केलं होतं, तर म्हणाले, "आल्या आल्या पळाची तयारी कायले करतं?"

हे ज्ञान ते न मागताही वाटत. तहसिलीतल्या एका कारकुनाला त्यांनी सांगितलं, की चिंचेखाली सायकल ठेवू नका, वर बगळे बसतात. कारकुनाने ऐकलं नाही. संध्याकाळी तो सायकल हातात धरून चालत घरी गेला, आणि पुढच्या बाजारापासून आधी मामांना शोधायचा, मग सायकल लावायचा.

लोक हसत, पण मामांच्या या नादामागे एक जुनी गोष्ट होती. आमच्या वस्तीच्या बंड्या पूर्वापार नाल्याअलीकडे बाभळीखाली थांबत. तिथून डोक्यावर ओझं घेऊन बाजारात चालत जायचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली मामा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच बाजारी त्यांनी सायकल थेट चौकात, कापडाच्या दुकानासमोर लावली. दुकानाचा मुनीम बाहेर आला आणि ती उचलून गटाराच्या काठी ठेवून गेला. मामांनी शांतपणे चहा संपवला आणि सायकल परत आणून लावली. असं कित्येक बाजार चाललं. मी कुलूप लावायचं सुचवलं, तर ते म्हणाले, "कुलूप चोरासाठी असते. हा काही चोर नाही. त्याले सवय व्हाची आहे, होऊ दे." शेवटी मुनीम दमला, मामा दमले नाहीत. पुढे कॉलेजात पहिल्या दिवशी माझे पाय आपोआप मागच्या बाकाकडे वळले होते. तेव्हा मला ती सायकल आठवली आणि मी पुढे जाऊन बसलो.

पण मामांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अजून बंडी बाभळीखालीच सोडत. गुडघे दुखत, तरी नाल्यापासून चालत येत. मामांनी बाजारात चला म्हटलं, की ते बैलांवर ढकलत. "बैलं तठीच थांबते, मी काय करू?" आणि हे खरं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने बैल बाभळ आली की कासरा न ओढताही थांबत.

मग मामांनी बैलांनाच शिकवायचं ठरवलं. दर बाजारी रिकामी बंडी घेऊन ते बैलांपुढे सरकीचं टोपलं धरून उलटे चालत. पहिल्या खेपेला दहा पावलं, मग नाल्यापार, मग पानठेल्यापर्यंत. पानठेलेवाल्याने विचारलं, "काय बाप्पा, बैलायले शाळेत घातलं का?" मामा म्हणाले, "हो. पहिलीत आहे. उन्हाळ्यापर्यंत पास होते." एकदा ते उलट्या पावलांनी कुंभाराच्या मडक्यांत जाऊन बसले, पण टोपलं खाली पडू दिलं नाही.

माघ महिन्यात आजोबांना चालणं अशक्य झालं. तरी पुढच्या बाजारी ते स्वतः बंडी हाकत निघाले होते, मी मागे बसलो होतो आणि मामा सायकलवर पुढे होते. बाभळ आली. आजोबांनी सवयीने कासरा ओढला. बैल थांबले नाहीत. त्यांनी पुन्हा ओढला, बैलांना हाका मारल्या. बैल नाल्यात उतरून वर चढले.

"अरे, हे माहं ऐकूनच नाही राह्यले," आजोबा घाबरून म्हणाले.

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग तूच त्यायचं ऐक ना, बा."

बंडी चौकात कापडाच्या दुकानासमोर येऊन थांबली. दुकानदार पायरीवर आला. मामांनी सायकल भिंतीला टेकवली आणि त्याच्याकडे पाहत उभे राहिले. आजोबांनी मान खाली घातली होती. दुकानदाराने बंडीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जरा बाजूला घ्या, बुवा. गिऱ्हाइकाले वाट राहू द्या." हे तो दर बाजारी प्रत्येक बंडीवाल्याला म्हणत असे. मामांनी बंडी हातभर सरकवली. दुकानदार आत गेला.

मामा आजोबांना उतरवायला पुढे झाले. आजोबांनी त्यांचा हात बाजूला केला. "बसू दे जरा. वरून बाजार कसा दिसते, ते पाहून राह्यलो."

आम्ही त्या दिवशी काहीच बाजार केला नाही.

आजोबा पुन्हा वणीला आले नाहीत. वैशाखात ते गेले. पदवीची परीक्षा देऊन मी घरी आलो, तेव्हा मामा बैलांना पाणी पाजत होते. मी म्हटलं, एवढी खटपट केली, आणि आजोबा एकदाच बसून गेले. मामांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला.

"बुढा एकदाच आला," ते म्हणाले. "पण हे बैलं दर बाजारी जाते. यायले आता दुसरी जागा माहीतच नाही."