गुळगुळीत ठिपके

लॅबमध्ये तिला सगळे ‘आजी’ म्हणतात. वय एकतीस, पण तिच्याबरोबर लागलेले पीएच.डी. घेऊन केव्हाच पांगले, आणि वाफेने भांडी निर्जंतुक करणाऱ्या कुठल्या ऑटोक्लेव्हचं झाकण दणका दिल्याशिवाय बसत नाही, हे आताच्या पोरांना तिलाच विचारावं लागतं. तीही ओ देते. दिवसभरात तिला हाक मारणारं दुसरं फारसं कोणी नसतं.

तिचा विषय म्हणजे एक जिवाणू. आईच्या परसातल्या मातीतून तिने तो वेगळा केला होता. बुरशीला तो जवळ फिरकू देत नसे. एका प्लेटमध्ये दोघांना वाढवलं की जिवाणूभोवती स्वच्छ, मोकळं कडं उमटे. सगळा प्रबंध त्या कड्यावर उभा होता.

शेवटच्या प्रकरणासाठी तिने तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा कडं उमटलंच नाही. बुरशी जिवाणूच्या अंगावरून चालत गेली.

तिने बुरशी बदलली, प्लेटमधलं खाद्य नव्याने केलं, इन्क्युबेटरचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने ताडून पाहिलं. फरक शून्य. मग एका रविवारी दुपारी पहिल्या वर्षीचा फोटो आणि समोरची प्लेट शेजारी ठेवून ती बसली, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोतले जिवाणूंचे ठिपके सुरकुतलेले, खडूसारखे, ओबडधोबड होते. समोरचे गोल, गुळगुळीत, टपोरे.

जिवाणू जिवंत ठेवायचा तर जुन्या प्लेटवरून नव्या प्लेटवर न्यावा लागतो. दर वेळी ती तारेच्या टोकाने एक ठिपका उचलायची, आणि बाजारात फळं निवडावीत तसा सगळ्यांत भरलेला, देखणा उचलायची. पण बुरशी मारणारं रसायन बनवणं ही जिवाणूची पदरमोड. ज्यांनी ते सोडलं तेच खाऊनपिऊन भराभर वाढत. इतकी वर्षं तिने नेमके कामचुकार निवडले होते. मूळ नमुन्याच्या नळ्या मागे फ्रीजर बंद पडला तेव्हाच गेल्या होत्या.

तिने आईला फोन केला.

“परसातली थोडी माती पाठवशील?”

“माती कुठली आता? फरशी घातली ना तिथे. तूच म्हणालीस, पाय घसरेल, घालून घे.”

“मी म्हणाले?”

“मग, मला काय हौस आली होती? जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली. जेवली नव्हती.

तिच्या गाइडना, म्हणजे सरांना, तिने सोमवारी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“फोटो खरे आहेत, आकडे खरे आहेत. सादर कर आणि सोडव ही ब्याद. तोंडी परीक्षेला प्लेट कोण मागतंय?”

“उद्या कोणी जिवाणू मागितला तर?”

“मेला म्हणायचं.”

“मेला नाही, सर. मी बिघडवला.”

“मग बस आणखी वर्षभर. आधीच तुझ्या मागची पोरं पुढे गेलीत.”

ती बसली. कोल्ड रूममध्ये साठलेल्या जुन्या प्लेटा तिने एकेक करून बाहेर काढल्या, आणि आजवर ढुंकून न पाहिलेले कडेचे वाळके, मरतुकडे ठिपके उचलून बुरशीसमोर वाढवले. बहुतेक सगळे फुकट गेले. कित्येक आठवड्यांनी एकाभोवती नखाएवढं कडं दिसलं. तिने मान वर करून पाहिलं. पोरं सिनेमाला गेली होती, सर सुट्टीवर होते. तिने फोटो काढला आणि नळ्या भरायला घेतल्या. या वेळी एकाच फ्रीजरच्या भरवशावर राहायचं नव्हतं. अर्ध्या नळ्या घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली.

तिथल्या तंत्रज्ञाने जागा दाखवली. “फ्रीजर बंद पडला तर कळवायला दोन नंबर लागतात. एक तुमचा. दुसरा?”

तिने जरा विचार केला.

“एकच लिहा,” ती म्हणाली. “मी इथेच असते.”