मास्तरांचे साचे

मास्तरांसारखा हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. घशाचा कॅन्सर झाला, तोही किरणं देऊन बरा झाला. पण त्या किरणांनी तोंडातली लाळ पार आटवून टाकली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “लाळ नाही म्हणजे दात लगेच किडणार. रोज फ्लोराइड लावा. किडले तर काढायचीही पंचाईत, तुमच्या जबड्याची जखम आता भरायची नाही.”

मास्तरांना एवढंच कळलं, की वरचे पुढचे दात गेले तर क्लॅरिनेट गेली. दात टेकवल्याशिवाय ती धरणार कशी?

मग काय, दातांच्या मापाचे प्लॅस्टिकचे साचे करून घेतले. रोज सकाळी त्यात फ्लोराइडचं जेल भरायचं, दातांवर चढवायचं, मग थुंकायचं, आणि पुढे अर्धा तास पाण्याचा थेंब नाही. कोरड्या तोंडाच्या माणसाला अर्धा तास! मास्तर पाण्याच्या ग्लासाकडे पाठ करून बसायचे, पण एक दिवस चुकवतील तर शपथ.

बायकोला ते बघवेना. तिने आंबटगोड गोळ्या आणून दिल्या. एक चघळली की तोंडाला जरा ओल यायची, त्यामुळे मास्तरांचा खिसा कायम भरलेला.

“दातांना चालतात ना हो?” तिने एकदा विचारलं.

“अगं, मग जेल कशाला लावतोय? खुळी कुठली!”

डॉक्टरीणबाईंना विचारावं, हे मात्र दोघांनाही सुचलं नाही. कर्म, दुसरं काय!

वर्ष सरायच्या आत एका सकाळी वरचा पुढचा दात हिरडीपाशी मोडला आणि साच्यातच राहिला. मास्तरांच्या खिशातल्या गोळ्या बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, दिवसभर हे चघळल्यावर जेल बिचारं काय करणार?”

“मीच आणून दिल्या हो,” बायकोला तिथेच रडू फुटलं.

“गप. मागत मी होतो,” मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या, तरी बाकीचे दात मोडायचे ते मोडलेच. शेवटी बायको साचे टाकायला निघाली, तेव्हा मास्तरांनी ते मागून घेतले. वरचा साचा नुसत्या खुंटांवर चढवला, त्यावर क्लॅरिनेट टेकवली आणि फुंकली. साचा दबला. नुसती हवा फसफसली. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच.

“टाक आता,” ते म्हणाले, आणि सवयीने खिसा चाचपायला लागले.

बायको आत गेली. डब्यामागे लपवून ठेवलेली गोळ्यांची पुडी तिने आणली आणि त्यांच्या हातात दिली.

“घ्या, खा. आता काय बिघडायचं राहिलंय?”