चार इंच उचललेली जीप

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझ्या जीपला कुणी गाडी मानत नाही, उपद्रव मानतात. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली, उंच स्प्रिंगा टाकून चार इंच वर उचलली, मोठी चाकं लावली. बायको म्हणाली, "आता एक शिडीही घेऊन टाका." टोमणा रास्त होता, पण हे काही मी नुसत्या हौसेपायी केलं नव्हतं. आईची थोरली बहीण भोरच्या पलीकडे डोंगरावर राहते. मावशीला खाली उतरवत नाही, आईचे गुडघे वर चढू देत नाहीत, आणि रस्ता म्हणजे नुसते दगडधोंडे. रोज फोनवर भांडणाऱ्या या दोघी सहा वर्षं भेटल्या नव्हत्या. "या दिवाळीत तुला मावशीच्या दारात उतरवतो," असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

गाडी उंच केली की पोटाखालचा शाफ्ट तिरका होतो. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा हा लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे असतात, त्यांना क्रॉस म्हणतात. माझे क्रॉस खडखडायला लागले. मी मोठ्या ऐटीत शाफ्ट स्वतः उतरवला. तो दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा, आणि परत जोडताना होता तस्साच जोडावा लागतो. म्हणून दोन्ही तुकड्यांवर लाल खडूने खूण केली, दांडा गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवला आणि नवे क्रॉस आणायला नाना पेठ गाठली.

"ग्रीसचा देऊ की बिनग्रीसचा?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"एकाला ग्रीस लागतं."

"अहो, पण टिकतो कुठला?"

"घरी जाऊन ठरवून या. आम्ही सातपर्यंत आहोत."

इंटरनेटवर निम्मे म्हणत होते ग्रीसचा घ्या, निगा राखता येते. उरलेले म्हणत होते बिनग्रीसचा घ्या, ग्रीस भरायला भोक पाडलेलं नसतं, म्हणून दणकट. मी ग्रीसचे घेतले. घरी आलो तर खंडेनवमीची पूजा उरकली होती. आईने विळीपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना पाटावर बसवलं होतं आणि माझ्या दांड्यालाही झेंडूचं फूल मिळालं होतं. फूल काढलं, क्रॉस बसवले, लाल खुणा जुळवून शाफ्ट गाडीला जोडला.

चाळीसच्या वर गेली की गाडी थडथडायला लागली. चाचणी म्हणून आईला चांदणी चौकापर्यंत नेलं, तर ती कवळी धरून बसली. "अरे, ताईला भेटेन तेव्हा तोंडात दात तरी असू देत!"

मी क्रॉसला शिव्या घातल्या आणि बिनग्रीसचे आणले. तेच. ते काढून पुन्हा ग्रीसचे, पण दुसऱ्या बनावटीचे. तेच! दुकानदार म्हणाला, "आपण गाडी दुरुस्त करताय की चव बघताय?"

दिवाळी चार दिवसांवर आली. एका सकाळी आई भरलेला फराळाचा डबा गुपचूप रिकामा करताना दिसली. म्हणाली, "राहू दे रे. चकल्या कुरिअरने पाठवू." मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहासुद्धा जाईना. तसाच उठलो आणि थडथडत वाघोलीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो.

ते गाडीखाली शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. "क्रॉस उत्तम आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे कान एका रेषेत हवेत. तुमचा एक उभा, एक आडवा. जोडला कुणी?"

"मीच. खडूची खूण जुळवून."

त्यांनी ग्रीसमधून नखाने काहीतरी उकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता. "खडूला अक्षता कधीपासून लागायला लागल्या?"

घरी फोन केला. आई शांतपणे म्हणाली, "मग? अशा कळकट वस्तूची पूजा करायची? दोन्ही तुकडे वेगळे करून साबणाने घासले, परत अडकवले आणि कुंकू लावलं. तो खडूही गेला बरं का, चांगला निघाला." अरे देवा! तीन वेळा मी आईचं कुंकू जुळवत बसलो होतो.

मिस्त्रींनी तुकडा फिरवून बसवला आणि पंच ठोकून दोन्हीकडे ठिपके पाडले. "हे घासून जाणार नाही. आणि ग्रीसचेच राहू द्या, दर महिन्याला खाली वाकून बघाल तरी."

पाडव्याला जीप वर चढली. मावशी भिंत धरून दारात आली. "आली व्हय गं बये," एवढंच बोलली आणि आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली. दोघी रडल्या, मग दोघींनी मिळून माझ्या गाडीच्या उंचीला नावं ठेवली. वर आई म्हणते कशी, "मी पूजा केली होती ना ताई, म्हणून चढली!"

तीन आठवड्यांचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. चकलीबरोबर गिळून टाकलं.

निघताना मावशीने कुंकवाचा करंडा पुढे केला. "तुझ्या त्या दांड्याला लाव रं. परत यायचंय न्हवं?" मी धुळीत उताणा होऊन गाडीखाली सरकलो आणि बोटाने ठिपके शोधले. या वेळी कुंकू मीच लावलं, बरोबर खुणेवर.