सुजातासाठी निवडलेलं पास्त्याचं पुस्तक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी एकटी बसले होते, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि सुजाताला तर नाहीच नाही. तरी दाराला कडी लावून लिहायला बसलेय. दुपारचे तीन वाजलेत, घरात चिटपाखरू नाही — मग कडी कशाला? भीती वाटते म्हणून. नऊ वर्षांची जुनी भीती आहे, पण तब्येतीनं अगदी ठणठणीत.

सुजाता माझी धाकटी बहीण. ती आर्णीला आईजवळ राहायची, मी लग्न होऊन लोहाऱ्याला आलेली, शाळेत मराठी शिकवणारी. आईला लकवा मारला होता, उजवी बाजू पार गेली होती. तिला उठवणं, पुसणं, भरवणं, तिचं भांडं काढणं — सगळं सुजाताच करायची, आणि वर होस्टेलच्या पोरींचे डबेही. मी रविवारी केळी घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचे. लोक म्हणायचे, मोठी मुलगी किती येते-जाते!

नऊ वर्षांपूर्वी सुजाताला पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून घेणार होते. वयाची अट होती आणि ती त्यात जेमतेम बसत होती; पुढच्या वर्षी बसली नसती. परीक्षा काय, तर मुख्य आचाऱ्यासमोर पास्ता करून दाखवायचा. सुजातानं तोवर पास्ता नीट पाहिलाही नव्हता. तिनं मला फोन केला, "ताई, पास्त्याचं एक चांगलं पुस्तक पाहून आन माह्यासाठी."

तुम्ही म्हणाल, मोबाइल होता की हातात. होता. पण आमचं घर निराळं. आमच्या बाबांनी आयुष्यात कुणाला भांडंकुंडं, कापडचोपड दिलं नाही. लग्न असो, बारसं असो, पुस्तक द्यायचे, पहिल्या पानावर दोन ओळी लिहून. आमच्या बौद्ध वस्तीत बरीच घरं असंच करायची. पुस्तकानं आपल्याला माणसात आणलं, असं बाबा म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज भरून यायचा. छापलेलंही खोटं असू शकतं, हे आम्हा बहिणींच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. निदान तिच्या तरी नाही.

मी पुस्तक आणायला यवतमाळच्या बाजारात गेले. पण खरं सांगू? — निघण्याआधीच मी हिशेब मांडला होता. सुजाता पुण्याला गेली की आई कुठे जाणार? माझ्याकडे. दोन खोल्या, सासूबाई, माझी मुलगी श्रावस्ती तेव्हा पाचवीत. आईच्या अंगाचा तो वास माझ्या घरात. तिचं भांडं माझ्या हातात. रोज. किती वर्षं? मला आईची किळस यायची. लिहिलं एकदाचं. आणि ही अजून कबुली नाहीच, ही तर तिच्या आधीची गोष्ट आहे.

दुकानात दोन पुस्तकं मिळाली. एक बारकं, चित्रं नसलेलं, कुणी बाईनं ओट्याशी उभं राहून समजावून सांगावं तसं लिहिलेलं. पाणी भरपूर घ्या, त्यात मीठ घाला. पास्ता फार मऊ होऊ देऊ नका, दाताखाली किंचित कणी लागली पाहिजे. नळाखाली मुळीच धरू नका. उकळलेलं पाणी वाटीभर राखून ठेवा, त्यानं सॉस पास्त्याला धरून राहतो. दुसरं जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत फोटो. त्यात लिहिलं होतं — वीस मिनिटं शिजवा, गार पाण्यानं खळखळून धुवा.

मी दोन्ही घेतली. आजवर मी स्वतःची समजूत घालत आले की मला फरक कळला नव्हता. कसा कळणार, मी काय आचारी आहे? पण मला कळला होता. एका दुपारी मी दोन्ही पुस्तकांप्रमाणे पास्ता करून पाहिला. बारक्या पुस्तकातला श्रावस्तीनं शाळेतून आल्या-आल्या बोटं चाटून संपवला. दुसऱ्याचा लगदा झाला, तो मी तिच्यासमोर आणलाही नाही. मग जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'लाडक्या सुजाताला, खूप मोठी हो', आणि आर्णीला नेऊन दिलं. बारकं रद्दीत घातलं. बाबांच्या मुलीनं पुस्तक रद्दीत घातलं.

घरात केवढं कौतुक झालं! केवढं मोठं पुस्तक आणलं ताईनं! सुजातानं त्याला खाकी कव्हर घातलं. आई अर्ध्या तोंडानं हसली.

इथं तरी मी थांबायचं होतं ना? परीक्षेच्या दोन दिवस आधी सुजाताचा फोन आला.

"ताई, मोबाइलवर त पास्ता धुवत नाही म्हने. पुस्तकात धुवा लिवलं हाये. कोनाचं आयकू?"

ती मला वाट करून देत होती, कळतंय ना तुम्हाला? 'धुवू नको' — दोन शब्द पुरले असते. चूक पुस्तकाची ठरली असती, माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं. पण मला आमच्या पुढच्या खोलीत आईची खाट दिसली. मी म्हणाले, "पुस्तकाचंच आयक. मोबाइलवर काहीबी दाखवते लोकं."

ती पुण्याहून परत आली. म्हणाली, "नाही जमलं ताई. हात थरथरले माहे." आणि आईचं पांघरूण सारखं करायला लागली.

पुढं सात वर्षं तिनं आईचं केलं. मी रविवारी केळी नेत राहिले. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. सुजाता चाळिशीला टेकली, अजून डबे करते. तिचं नाव फोनवर दिसलं की दोन रिंग तशाच वाजू देते. वाटतं, आज विचारणार. ती विचारते, "जेवली का, ताई?"

आणि माझी श्रावस्ती शिकायला नागपूरला गेली, तीही हॉटेल मॅनेजमेंटला! नको म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. म्हणजे होतं, सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या महिन्यात ती मावशीकडे चार दिवस राहून आली. ते चार दिवस माझे कसे गेले म्हणून सांगू! भाजीत दोनदा मीठ, वर्गात भलताच धडा. ती आली, बॅग टाकली आणि म्हणाली, मावशीचं ते पुस्तक पाहिलं, सगळं चुकीचं लिहिलंय त्यात, मी तिला सांगितलंसुद्धा.

मी तिची बॅग उचलून आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन विचारलं, मावशी काय म्हणाली?

मावशी हसली म्हणे. मग तिनं पोरीला सांगितलं, की पुण्याला तिनं पास्ता चाळणीत ओतून नळ सोडला, तसा त्या आचाऱ्यानं पुढे होऊन नळ बंद केला आणि दुसऱ्या मुलीला बोलावलं. "मले तव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "पन तुह्या आईले सांगू नको. मोठ्या हौसेनं आनलं होतं तिनं. तिले काय समजते पास्त्यातलं? वाईट वाटन तिले."

आता भीती गेली असेल, असं वाटतं तुम्हाला? वाढली. रागावलेली बहीण मी सोसली असती, निदान तशी तयारी तरी करून ठेवली होती. ही माझी काळजी घेतेय. नऊ वर्षं घेतेय, आणि मला पत्ता नव्हता.

तिला वाटतं, ताई फसली. मी फसले नव्हते, सुजाता. मी दोन्ही करून पाहिले होते, चांगलं पुस्तक ओळखलं होतं. आणि तू फोनवर विचारलंस, तेव्हा मला उत्तर येत होतं.