सहावी बाटली

भागाबाईला अक्षरओळख नव्हती, पण मुल्लामारी नदीचं पाणी बाटलीत कसं भरावं हे तिलाच विचारावं. चिटगुप्प्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी तळवाडी नावाचं गाव आहे, आणि गावापासून हाकेच्या अंतरावर फरशीची खदान. १९८५ साली गुलबर्ग्याच्या कॉलेजातल्या शरणम्मा नदीवर संशोधन करायला तिथं आल्या, तेव्हा दर महिन्याला पाणी भरून पाठवेल असं माणूस शोधून शोधून त्या थकल्या होत्या. भागाबाई म्हणाली, "मी भरते की. पाण्यापायीच जलम गेलाय माजा."

शरणम्मा लिंगायत घरातल्या, शिकलेल्या, कानडी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी भागाबाईच्या हातचं तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायल्या. बौद्धवाड्यात येऊन असं पाणी प्यालेलं वरच्या आळीतलं माणूस भागाबाईनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग काय, बाईंनी सांगितलं असतं तर तिनं नदी उपसून दिली असती.

दर महिन्याला सहा बाटल्या. चार नदीच्या, पाचवी वरच्या तांड्याच्या विहिरीची आणि सहावी बौद्धवाड्याच्या विहिरीची. वाचता येत नाही म्हणून बाटल्यांना रंगीत दोरे; सहावीला निळा. जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, चौथ्यांदा काठोकाठ भरायची, आणि ओल्या पोत्यात गुंडाळून गुलबर्ग्याच्या एस.टी.त ठेवून द्यायची. सून सुभद्रा चेष्टा करायची, "आत्या, मामाचं ताट बी कधी तीनदा विसळलं नसंल तुमी."

"त्यांच्या जेवणाचा आकडा गुलबर्ग्यात कोण ल्हीत व्हतं?" भागाबाई म्हणायची.

पण निळ्या दोऱ्याची बाटली भरताना तिचा हात जरा हळू चाले. ती विहीर तिच्या माणसांनी खोदली होती. छप्पन साल उलटलं, घरं बौद्ध झाली, देव्हारे गेले, तरी पाण्यासाठी मात्र गावच्या विहिरीशी जाऊन खाली घागर ठेवायची आणि कुणाला दया येऊन वरून ओतेपर्यंत उभं राहायचं. नवी नवरी असताना भागाबाई एकदा सकाळपासून दुपारपर्यंत उभी होती, आणि शेवटी रिकामी घागर घेऊन घरी आली. बहात्तरच्या दुष्काळात तिचा नवरा नरसिंग आणि वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून खडक फोडला. पाणी लागलं ते गोड. नरसिंग पुढं वारला, पण त्याच्या विहिरीमुळं बायांचं ते उभं राहणं कायमचं संपलं.

१९८७च्या उन्हाळ्यात शरणम्मा आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. हे पाणी पिऊ नये म्हणून तांड्याच्या विहिरीवर त्यांनी तांबड्या रंगाची फुली मारली होती.

"भागाक्का, पाऊस मागं सरकायलाय, नदी लवकर आटायलीय," त्या म्हणाल्या. "आधी पुरानं सगळं धुऊन जायचं. आता खदानीतल्या सुरुंगाच्या दारूचा खार खड्ड्यात साचतो आणि जमिनीत मुरतो. तुमच्या विहिरीचा आकडा बी चढायलाय. पुढच्या बाटलीत जास्त निघाला तर मला फुली मारावी लागंल."

"पानी तर गोडच लागतंय की, बाई!"

"त्याची चव लागत न्हाई, हीच तर भीती हाय."

त्या गेल्या आणि भागाबाई आपल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली. फुली म्हणजे पुन्हा गावची विहीर. पुन्हा खाली ठेवलेली घागर, आणि या खेपेला तिच्या शेजारी सुभद्राची. कायदा झालाय म्हणे, कुणी अडवू शकत नाही. पण कायदा बिदरला राहतो आणि विहीर गावात असते. तिला अन्न गोड लागेना. वाड्यात कुणाशी बोलायचीही चोरी झाली.

बाटल्या भरायचा दिवस आला. पाच बाटल्या तिनं रीतसर भरल्या. सहावी घेऊन टळटळीत दुपारी, गाव झोपलेलं असताना, ती गावच्या विहिरीवर गेली. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्या विहिरीत तिनं कधी पोहरा सोडला नव्हता. दोर दोनदा हातातून निसटला. आपल्या विहिरीची अब्रू राखायला तिनं दुसऱ्या विहिरीचं पाणी चोरलं. आणि सवय बघा, चोरी करतानाही बाटली तीनदा विसळली.

याच दिवसांत घरात दुसरी काळजी शिरली. नात दोन महिन्यांची. तापात सुभद्राचं दूध आटलं होतं, त्यामुळं पोरीला डब्याचं दूध. पाण्याबद्दल मनात पाल चुकचुकतच होती, म्हणून भागाबाई पोरीचं पाणी स्वतः उकळायची, एकदा नव्हे, दोनदा, चांगलं आटेपर्यंत. तरी पोर मलूल होत चालली. ओठांवर, नखांवर जांभळी झाक आली. दृष्ट काढणं वाड्यानं कधीच सोडून दिलं होतं. भागाबाईनं सुनेची पाठ वळल्यावर मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. झाक काही गेली नाही.

पंधरा दिवसांनी कॉलेजची जीप आली. शरणम्मा हसत उतरल्या.

"भागाक्का, आकडा उतरला! निम्म्याच्या बी खाली. फुली न्हाई."

अंगणात जमलेल्या बाया हसल्या. शरणम्मांनी हक्कानं पाणी मागितलं आणि प्यायल्या. भागाबाईला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. तेवढ्यात शरणम्मांचं लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडं गेलं.

"हे कामून उकळायलास?"

"नातीचं दूध कालवायला."

"आता उकळलं तरी भीती न्हाई. पण मागचा आकडा असता तर उकळणं लई वाईट. पाणी उडून जातं, खार न्हाई उडत, उलट घट्ट व्हतो. मोठ्या माणसाला काय व्हत न्हाई, पण वरच्या दुधावरचं लेकरू निळं पडतं. श्वास घेतं, पण वारा रक्ताला लागतच न्हाई. तांड्यात एक लेकरू गेलं, म्हणून तर फुली मारली."

निळा रंग त्या घरात कधीच भीतीचा नव्हता. दारावरचं निशाण निळं, चौदा एप्रिलची साडी निळी. भागाबाईनं मान वळवून पाळण्याकडं पाहिलं. आणि हे ती मरेपर्यंत विसरली नाही: त्या क्षणी सुद्धा तिच्या मनात आधी विहीर आली, आणि नात नंतर. आता बोललं तर विहीर गेली, बाईंचा विश्वास गेला, वाड्यात तोंड दाखवायची सोय गेली. पण पोरीला आपणच हातानं उकळून उकळून पाजलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "ती बाटली खोटी हाय. पानी गावच्या हिरीचं हाय. माज्या नातीला बगा."

शरणम्मांनी पाळण्यातून पोर उचलली, ओठ पाहिले, आणि त्या जीपकडं धावल्या. बिदरपर्यंतच्या रस्त्यात सुभद्रा पोरीला छातीशी धरून रडत होती आणि भागाबाई पोरीचा श्वास मोजत होती. एक आला की दुसरा येईल का, एवढंच. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सुई भरली तर औषध शाईसारखं निळंशार. भागाबाई किंचाळली, "आनखी निळं नगा घालू!" "हाच उतारा हाय," म्हणत शरणम्मांनी तिला घट्ट धरून ठेवलं. तासाभरात पोरीचे ओठ गुलाबी झाले आणि तिनं भोकाड पसरलं. भागाबाई खाली फरशीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

चौथ्या दिवशी शरणम्मा रंगाचा डबा घेऊन तळवाडीत आल्या. आता वाड्याला टँकर मिळावा, खदानीला जाब विचारावा म्हणून अर्ज करायचा होता. पण अर्ज पोचायला वेळ लागतो आणि तहान थांबत नाही. वाड्यातल्या बाया विहिरीपाशी जमल्या होत्या. कुणी भागाबाईला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं शरणम्मांच्या हातातला कुंचला घेतला आणि नरसिंगनं बांधलेल्या काठावर स्वतःच्या हातानं फुली ओढली.

मग तिनं घागर उचलली आणि गावच्या विहिरीची वाट धरली. मागून सुभद्रा निघाली, तिच्यामागं बाकीच्या. विहिरीवरच्या बायांचं बोलणं थांबलं. घागर खाली ठेवायची ती जागा आली, आणि भागाबाई तिथं थांबली नाही. पायऱ्या चढून तिनं पोहरा सोडला, ओढला, घागर तीनदा विसळली आणि चौथ्यांदा भरली.